मदत हवी आहे: कार्बन क्रँकमधून कट-कट आवाज, रविवारी बीआरएम

घाटप्रेमी:
नमस्कार मंडळी. रोड बाइकला कार्बन क्रँकसेट (पेडल लागतात ते दोन दांडे म्हणजे आर्म, आणि पुढच्या चेनरिंग) बसवलाय, चार महिने झाले. चढाला जोर लावला की खालून कट-कट आवाज येतो. सपाटीवर काही नाही. चेन धुतली, बॉटम ब्रॅकेट (फ्रेममधलं क्रँकचं बेअरिंग) घट्ट केला, तरी आवाज आहेच. रविवारी २०० किमीची बीआरएम (ठरलेल्या वेळेत पूर्ण करायची लांब पल्ल्याची राइड) आहे. काय घट्ट करू? लवकर सांगा.

स्पॅनर१५:
कुठल्या कंपनीचा? स्पिंडल (दोन्ही आर्म जोडणारा आस) २४ मिमी की ३०? डाव्या आर्मला स्पिंडलवर आवळणारे दोन पिंच बोल्ट आहेत की मधोमध एकच मोठा? आवाज दोन्ही पायांना येतो की एकाच? टॉर्क रेंच (ठरलेल्या जोरानेच आवळणारा पाना) वापरला होता का? हे कळल्याशिवाय 'अमुक घट्ट करा' म्हणणं धोक्याचं आहे.

कोकणरायडर:
चढाला आवाज म्हणजे बहुतेक वेळा पेडलच. दोन्ही काढा, आटे पुसा, ग्रीस लावून परत बसवा. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात हे लक्षात ठेवा. दहा मिनिटांचं काम.

घाटप्रेमी:
कंपनीचं नाव नाही, साध्या खोक्यात आला. बाहेरून येणाऱ्या ओळखीच्या माणसाने आणला. २४ मिमी, दोन पिंच बोल्ट, फ्रेम ६८ मिमी बीएसए (आट्यांचा बॉटम ब्रॅकेट). आवाज डाव्या पायाला. टॉर्क रेंच नाही, हाताच्या अंदाजाने आवळलंय. सीटपोस्टपण (सीटचा दांडा) बघू का?

राळ_आणि_धागे:
सीटपोस्ट राहू दे. उभं राहून पेडल मारल्यावरही आवाज येत असेल तर सीटपोस्टचा संबंध नाही.

आधी हे समजून घ्या: अशा क्रँकमध्ये कार्बन सहसा आधी जात नाही, आधी जातो तो गोंदाचा सांधा. पेडलचे आटे कार्बनमध्ये पाडलेले नसतात. कार्बनच्या भोकात ॲल्युमिनियमचं इन्सर्ट चिकटवलेलं असतं. पेडलचा मध्य आर्मपासून साधारण ६ सेंमी बाहेर असतो. ८० किलोचा माणूस उभा राहिला की त्या इन्सर्टवर ४७ न्यूटन-मीटरचा पीळ येतो, आणि ७० केडन्सने (मिनिटाला पेडलच्या ७० फेऱ्या) तासाला ४,२०० वेळा. त्यात कार्बन आणि ॲल्युमिनियम थेट टेकले आणि मध्ये खारट घाम किंवा पावसाचं पाणी शिरलं की ॲल्युमिनियम गंजतं, त्याची पांढरी भुकटी फुगते आणि गोंद सुटतो. चांगला उत्पादक मध्ये ग्लास फायबरचा पातळ थर देतो. स्वस्तातल्या मालात तो आहे की नाही हे बाहेरून दिसत नाही, आणि मला याचीच सगळ्यात जास्त काळजी वाटते.

पूर्णकार्बन:
लगेच घाबरवू नका हो. गोंद सुटायला कार्बनच लागतो असं नाही. शिमानोने (सायकलचे भाग बनवणारी कंपनी) २०२३ मध्ये आपल्या ड्युरा-एस आणि अल्टेग्रा मालिकांचे २०१२ ते २०१९ मधले ११ स्पीड (मागे ११ गिअरचे) क्रँक परत तपासायला बोलावले, एकट्या उत्तर अमेरिकेत साडेसात लाखांवर. ते ॲल्युमिनियमचे दोन भाग चिकटवून केलेले होते.

राळ_आणि_धागे:
बरोबर, म्हणून तर मी कार्बनला दोष देत नाही, सांध्याला देतो. पण तिथे बनवल्याचा कोड होता, डीलरकडे तपासणी होती, सांधा सुटलेला दिसला तर क्रँक फुकट बदलून मिळत होता. बिननावाच्या खोक्यात यातलं काहीच नाही. आयएसओ ४२१० या सायकल सुरक्षेच्या मानकाची चाचणी झाल्याचा कागदही नाही.

सायकलकाका:
१७० ऐवजी १६५ मिमीचा आर्म घ्या. गुडघ्यांना आराम पडतो, चढाला केडन्सही वाढते.

स्पॅनर१५:
काका, लांबीचा वेगळा धागा काढा, तिथे बोलू. घाटप्रेमी, आज रात्रीच हे करा:

१. डावा आर्म पुढे, आडवा ठेवा. दोन्ही आर्म धरून फ्रेमच्या दिशेने आत-बाहेर हलवा. दोन्ही एकत्र हलले तर बेअरिंग किंवा प्रीलोड (बेअरिंगवरचा हलका दाब). फक्त डावा हलला तर स्पिंडलचा सांधा.
२. डाव्या पेडलच्या भोकाची कड पुसा. इन्सर्टवरून कार्बनवर जाणारी एक बारीक रेघ पांढऱ्या पेंट पेनने ओढा. दोनशे मीटर चढ मारा आणि बघा. रेघ तुटली तर इन्सर्ट फिरलंय.
३. मग पेडल काढा. रेंच फिरवताना इन्सर्टकडे नजर ठेवा. पेडलसोबत तेही फिरत असेल तर थांबा.
४. आर्मवर नाण्याने टकटक करा. टणक आवाजाच्या मध्येच एखाद्या जागी बोदा आवाज आला तर आतले थर सुटलेत.

पिंच बोल्ट एक पूर्ण आवळून मग दुसरा असं करू नका. आळीपाळीने, थोडं थोडं. शिमानोच्या ॲल्युमिनियम आर्मला १२ ते १४ न्यूटन-मीटर असतो, तुमच्या आर्मवर कमी आकडा छापला असेल तर तोच धरा. प्रीलोडची टोपी फक्त बोटांनी.

घाटप्रेमी:
रेघ तुटली, साधारण २ मिमीची फट पडली. कडेला राखाडी-पांढरी भुकटी आहे. घरी अरल्डाइट आहे, भरून टाकू का? रविवारपर्यंत सुकेल.

कोकणरायडर:
भरा, २४ तास ठेवा, होऊन जाईल.

राळ_आणि_धागे:
अजिबात नको. गंजलेल्या पृष्ठभागावर गोंद धरत नाही. इन्सर्ट पूर्ण बाहेर काढून, घासून, अ‍ॅसिटोनने पुसून, मध्ये ग्लास फायबर देऊन, मधोमध सरळ राहील असं बसवायला लागतं. घरी हे जमण्यातलं नाही. इन्सर्ट निसटतं तेव्हा तुम्ही उभे राहून पूर्ण वजन टाकलेलं असतं. पाय रस्त्यावर आणि बाइक आडवी. उतारात आडव्या पेडलवर उभं राहूनही तेच. कृपया या क्रँकवर रविवारी निघू नका.

स्पॅनर१५:
अनुमोदन. तुमचा २४ मिमी आणि बीएसए आहे, ही चांगली गोष्ट. ११ स्पीड असाल तर शिमानोचा १०५ क्रँक, १० स्पीड असाल तर टियाग्रा ४७०० सरळ आत जाईल, बॉटम ब्रॅकेटच्या कप्सना हात लावायची गरज नाही. वजन दोनेकशे ग्रॅम वाढेल, तेवढंच. डाव्या आर्मच्या फटीतल्या छोट्या प्लेटची पिन स्पिंडलच्या भोकात बसली पाहिजे, मगच पिंच बोल्ट आवळा. चेनरिंग वेगळ्या मापाची आली तर पुढच्या डिरेलरची (चेन एका चेनरिंगवरून दुसरीवर नेणारा भाग) पट्टी मोठ्या दात्यांपासून १ ते ३ मिमी वर ठेवा.

घाटप्रेमी:
११ स्पीड आहे. उद्या दुकानात ५०-३४ (मोठ्या आणि लहान चेनरिंगचे दाते) बघतो. जुना क्रँक कुणाला ट्रेनरसाठी (घरात एका जागी सायकल चालवायला) देऊ का?

राळ_आणि_धागे:
नका देऊ. डावा आर्म मधून करवतीने कापा आणि मगच भंगारात टाका. कापताना मास्क लावा, कार्बनची धूळ छातीत जाऊ देऊ नका.