गंजावर थेट पुट्टी नको

गाडीच्या चाकाच्या कमानीवरचा (चाकावरच्या पत्र्याच्या गोल कडेवरचा) गंज वरवर घासून त्यावर थेट पुट्टी (खड्डे भरायचा लगदा) भरावी आणि टचअपचा रंग मारावा, असे इथे आधी एकाने सुचवले आहे. त्यात थोडी भर घालतो. पॉलिएस्टर पुट्टी ओलावा शोषते, त्यामुळे उरलेल्या गंजावर ती भरल्यास गंज आतला पत्रा खात राहतो आणि कालांतराने रंगाला फोड येतात. गंज फुगवट्याच्या बराच पुढपर्यंत पसरलेला असतो, म्हणून 80 नंबरच्या पॉलिश पेपरने चकचकीत पत्रा दिसेपर्यंत घासावे आणि बारीक खड्ड्यांच्या तळाशी काळे ठिपके उरलेच, तर तेवढ्यापुरते रस्ट कन्व्हर्टर (गंजाला स्थिर थरात बदलणारे रसायन) वापरावे. स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने दाबल्यावर पत्रा आत जात असेल, तर हा सगळा खटाटोप व्यर्थ आहे. तिथे पत्रा कापून नवा जोडणेच योग्य. पत्रा साफ झाल्यावर इपॉक्सी प्रायमर (पत्र्याला घट्ट धरून ओलावा अडवणारा पहिला थर), आणि गरज असेल तरच वर पुट्टी.

नवा रंग जुन्या रंगात बेमालूम मिसळवताना जुन्या रंगाची कड बोटाला जाणवेनाशी होईपर्यंत 320 नंबरच्या पेपरने उतरवावी. मेटॅलिक रंगाचा कोड तंतोतंत जुळला तरी जुना रंग उन्हाने फिका पडलेला असतो आणि चमकीचे कण फवारणीच्या पद्धतीनुसार वेगळे बसतात, म्हणून रंगाचा प्रत्येक हात (थर) आधीच्यापेक्षा थोडा पुढे नेत विरळ करावा. मास्किंग टेप दुरुस्तीला खेटून लावण्याचा मोह (तो सर्वांनाच होतो) टाळावा, कारण तिथे ठळक रेघ उमटते. क्लिअर कोट (रंगावरचा पारदर्शक थर) मात्र पॅनेलच्या मध्येच न थांबवता सांध्यापर्यंत न्यावा, अन्यथा त्याची पातळ कड पुढे सुटू लागते.