मदत हवी आहे: पार्सलने येणारा ॲनिमोन टाकीत कसा रुळवावा?

नमस्कार मंडळी, मी मालवणचा. घरच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीसाठी मुंबईहून बबल टिप ॲनिमोन (फुलासारखा दिसणारा समुद्री प्राणी) येतोय, टाकीतच वाढवलेला. माझी टाकी जुनी आणि स्थिर आहे. विशिष्ट गुरुत्व (पाण्याच्या खारटपणाचं माप) १.०२५, तापमान २६ अंश, अमोनिया आणि नायट्राइट शून्य.

अडलंय ते इथे. ठिबक लावून, म्हणजे बारीक नळीने थेंबथेंब, टाकीचं पाणी पिशवीतल्या पाण्यात तासभर हळूहळू मिसळा, असं बहुतेक जण सांगतात. पण रात्रभराच्या प्रवासात बंद पिशवीत अमोनिया साठतो. पिशवी उघडली की कार्बन डायऑक्साइड निघून जातो, पीएच चढतो आणि तोच अमोनिया जास्त विषारी होतो. मग पिशवी आणि टाकी दोन्हीकडची क्षारता (खारटपणा) जुळत असेल, तर फक्त तापमान जुळवून लगेच सोडणं बरं ना? आणि फरक निघाला, तर कितीपासून पुढे ठिबक लावायचंच? मला क्षारतेचा झटका जास्त धोक्याचा वाटतो.

दिवे सुरुवातीला किती मंद ठेवू? जागा शोधत तो फिरेल, म्हणून पंपाच्या तोंडांना स्पंज बांधलाय. पावसात इथलं किनाऱ्याचं पाणी गोडं होतं, त्यामुळे मीठ मिसळून पाणी घरीच बनवतो.

ज्यांनी स्वतः ॲनिमोन सोडलाय त्यांनी कृपया सांगा. पार्सल शनिवारी पहाटे पोहोचेल.