मदत हवी आहे: साऊथ कॅरोलिनात ३२.५ टक्के मतांवर ५० पैकी ५० डेलिगेट कसे काय?

नमस्कार मंडळी, एमए राज्यशास्त्राला आहे, शुक्रवारी वर्गात अमेरिकेतल्या प्रायमरीवर (पक्षाचा अध्यक्षपदाचा उमेदवार ठरवायला राज्याराज्यांत होणारं मतदान) बोलायचंय आणि डेलिगेटच्या (पक्षाच्या अधिवेशनात उमेदवार निवडणारे राज्याचे प्रतिनिधी) वाटपावर गाडी अडलीय.

मी साऊथ कॅरोलिना २०१६ घेतलंय. २० फेब्रुवारीला रिपब्लिकनांची प्रायमरी झाली, ट्रम्पना ३२.५ टक्के, रुबिओ आणि क्रूझ दोघंही साडेबावीसच्या आसपास, आणि डेलिगेट ५०च्या ५० ट्रम्पना! आधी वाटलं मीच चुकीचं वाचतोय. मग कळलं की २९ डेलिगेट राज्यात पहिला येईल त्याचे आणि उरलेले २१ म्हणजे सात काँग्रेशनल डिस्ट्रिक्ट (आपल्या लोकसभेसारखे मतदारसंघ), प्रत्येकी तीन, तिथे जो पहिला त्याला तिन्ही, आणि ट्रम्प सातही ठिकाणी पहिले आले. हे आपल्या विधानसभेसारखंच झालं, पुढे असेल तो आमदार, मग मतं तीस टक्के का असेनात.

पण आठवड्याने २७ तारखेला तिथेच डेमोक्रॅटांची झाली, क्लिंटन ७३.४, सँडर्स २६, आणि डेलिगेट ३९ आणि १४. राज्य तेच, मग हिशोब वेगळा का? आणि समजा एका डिस्ट्रिक्टला ४ डेलिगेट आहेत नि मतं ६०-४० पडली तर २.४ आणि १.६ येतात, त्याचं पुढे काय करतात? रात्रभर डोकं लावलं, नाही जमलं.

प्रतिसाद १:
नियम पक्ष ठरवतात म्हणून वेगळा. डेमोक्रॅटांकडे सगळ्या राज्यांत मतांच्या प्रमाणात वाटप, रिपब्लिकन बरंचसं राज्यातल्या पक्षावर सोडतात, म्हणून त्याच महिन्यात न्यू हॅम्पशायरला ट्रम्पना ३५ टक्क्यांवर २३ पैकी ११च मिळाले होते. तुझं गणित: आधी पूर्ण आकडे द्यायचे, २ आणि १, उरलेला एक ज्याचा अपूर्णांक मोठा त्याला. ०.६ मोठा, म्हणजे २-२. वीस टक्क्यांनी पुढे राहूनही बरोबरी! तिसरा हवा असेल तर ६२.५च्या वर जायला लागतं. पाच डेलिगेट असते तर सरळ ३-२.

आणि डेमोक्रॅटांची १५ टक्क्यांची अट विसरू नकोस, त्याखाली डेलिगेट नाहीत, सर हमखास विचारतील. २०२० ला न्यू हॅम्पशायरमध्ये बायडन ८.४ टक्क्यांवर होते, एकही डेलिगेट नाही. सगळे २४ सँडर्स ९, बुटिजेज ९, क्लोबुशार ६ असे गेले. १५च्या खालच्यांची मतं बाजूला काढायची, उरलेल्यांचे टक्के नव्याने काढायचे आणि मग वाटप.

धागाकर्ता:
खूप आभार दादा! टक्के नव्याने काढायचे हेच माझ्या तक्त्यात राहिलं होतं, आता बसून सगळं परत करतो.