बारावीनंतर एक वर्ष जर्मनीत होस्ट फॅमिलीकडे : अनुभवी लोकांचा सल्ला हवा

नाशिककरीण
नमस्कार मंडळी. मुलगी यंदा बारावी झाली. इंजिनिअरिंगला जायचे नाही हे तिचे पक्के आहे, पुढच्या वर्षी जर्मन घेऊन बी.ए. करणार. मधले वर्ष तिला जर्मनीत एखाद्या घरात राहून काढायचे आहे, ओ-पेअर म्हणून. म्हणजे त्यांची मुले सांभाळायची, बदल्यात राहणे-जेवण आणि हातखर्च. पुण्याच्या मॅक्समुल्लर भवनात जर्मनची ए१ (सर्वांत पहिल्या पातळीची) परीक्षा पास झाली आहे. वय १८ पूर्ण. शाकाहारी, पण अंडे चालते. तिकीट, व्हिसा, कपडे सगळे धरून बजेट अडीच लाख, त्यापुढे जमणार नाही. घर कसे निवडावे? एजन्सी लागते का? देश बदला असे कृपया सुचवू नका.

कॉलेजरोडकर
कॅनडा बघा. आमचा मुलगा टोरंटोजवळ एका घरी पैसे भरून राहिला. स्वतंत्र खोली, दोन वेळचे जेवण, सोबत इंग्रजीचा कोर्स. दहा-बारा लाख गेले, पण मुलगा माणसात आला. आता तिकडेच नोकरी करतो. शिक्षणाच्या खर्चात हात आखडता घेऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे.

सातपूरवाला
बाईंनी अडीच लाख लिहिलंय हो. रोटरीचं युथ एक्स्चेंज विचारा, नाशिकमध्ये क्लब भरपूर आहेत. तिकीट, विमा, व्हिसा आपला. राहणं, जेवण, शाळा तिकडचे लोक बघतात. वर्षात दोन-तीन घरं बदलून देतात, त्यामुळे एका घरी नाही जमलं तरी दुसऱ्या घरी जमतं.

देवळालीची
रोटरीचे वय १५ ते १९, पण ते शाळकरी मुलांसाठी आहे, तिकडच्या शाळेत बसावे लागते. माझी भाची अकरावीत ब्राझीलला गेली होती, अर्ज आदल्या वर्षीच केला होता. या मुलीसाठी आता उशीर झाला. धाकटे भावंड असेल तर मात्र आत्तापासून चौकशी करा, फार चांगली योजना आहे.

पंचवटीकर
स्पष्ट बोलतो, राग मानू नका. आपल्या घरी धुण्याभांड्याला बाई, आणि लेक परक्याच्या घरी त्यांची पोरं सांभाळणार? नाव काहीही द्या, काम तेच. वर्षही वाया जाणार.

राईनकाठ
काका, मी हे काम केले आहे, म्हणून लिहिते. कोलोनजवळ एका घरी राहिले होते, दोन मुले होती. कामावर मर्यादा असते : दिवसाला जास्तीत जास्त ६ तास, आठवड्याला ३०. संध्याकाळी आईवडील बाहेर गेले आणि तुम्ही मुलांपाशी थांबलात, तर तेही याच तासांत धरायचे. हातखर्च महिन्याला २८० युरो, शिवाय भाषेच्या वर्गासाठी ७० युरो कुटुंबाने द्यायचे. विमा त्यांचा, स्वतंत्र खोली त्यांची. आठवड्यात दीड दिवस सुट्टी आणि वर्षाला चार आठवडे पगारी रजा. व्हिसासाठी अर्ज करताना वय २७ च्या आत हवे. कष्ट आहेत, पण मोलकरीण ठेवल्यासारखे कोणी वागवत असेल तर ते कुटुंब नियम मोडते आहे. बहुतेक करारांत दोन आठवड्यांच्या नोटिशीने बाहेर पडता येते.

रोजचे जगणे असे : सकाळी मुलांना उठवून नाश्ता, डबा, बालवाडीत सोडणे. मग आपला वर्ग. दुपारनंतर पुन्हा मुले, त्यांचे कपडे, थोडी आवराआवर. रात्री बऱ्याच घरांत ताटभर गरम जेवण नसते. पाव, चीज, काकडी, टोमॅटो असतात. ज्या मुलीला रात्री वरणभात लागतो तिला पहिला महिना जड जातो, तेव्हा स्वयंपाकघर वापरायची मुभा आधीच मागून घ्या. रविवारी शांतता पाळतात. बाटल्यांच्या डब्यात काच टाकायलाही त्या दिवशी जायचे नाही. थंडीतही खिडक्या उघडून घर हवेशीर करतात. हे सगळे आठवडाभरात अंगवळणी पडते. मुलाचे रडणे आणि आईचा थंड आवाज यांमध्ये उभे राहणे ही खरी परीक्षा, आणि तिथेच भाषा येते. मी ए१ वर गेले, परत आले तेव्हा दोन पातळ्या वरची बी१ दिली होती.

मुंबईनाका
वरच्या ताईंशी सहमत, ३० तासांचंच ऐकलंय मीही. पण परक्या घरी कशाला? फ्रँकफर्ट, म्युनिकला किती मराठी मंडळी आहेत. मंडळातून एखादं घर शोधा, जेवणाचा आणि सुरक्षिततेचा प्रश्नच मिटतो.

राईनकाठ
तिथे व्हिसा अडतो. घरात जर्मन ही कुटुंबाची मातृभाषा हवी. जर्मन मातृभाषा नसून नुसतीच घरात बोलायची भाषा असेल, तर ओ-पेअर त्या कुटुंबाच्या मूळ देशातली चालत नाही. भारतीय घराकडे गेली तर अर्ज फेटाळतील. शिवाय घरात मराठीच बोलणार असेल तर कशासाठी जायचे?

इंदिरानगर_आई
एजन्सीचे सांगते. एका एजन्सीने आमच्याकडून नोंदणी फी घेतली, मग "प्रोफाइल तयार करण्याची" फी घेतली, आणि कुटुंब मिळाले नाही. पैसे परत नाहीत. एजन्सी नको, एवढेच सांगेन.

अंबडवाला
एजन्सीशिवाय गेलात आणि भांडण झालं तर कोणाला फोन करणार? माझ्या मते पैसे गेले तरी चालतील, एजन्सी हवीच. आणि मोठं शहर, आधी ओ-पेअर ठेवलेलं घर, एकच मूल. नवशिक्या घराच्या वाटेला जाऊ नका.

राईनकाठ
एजन्सी बंधनकारक नाही. फसवणूक ओळखायची खूण सोपी आहे : जे "कुटुंब" व्हिसा, विमा किंवा वकिलासाठी आधी पैसे मागते ते कुटुंब नाही. मुलाखत व्हिडिओवर, आईवडील दोघेही समोर हवेत, मुलेही दिसली पाहिजेत. सोमवार ते रविवार तासावार वेळापत्रक लिहून मागा. मूल आजारी पडले तर घरी कोण थांबणार? रविवारी बस आहे का? माझ्या मैत्रिणीच्या गावातून रविवारी एकही बस नव्हती, सुट्टी घरातच जायची. करार लेखी हवाच.

जेईईवाले_काका
गॅपचा विचार केला का? जेईई अॅडव्हान्स्ड बारावीच्या वर्षी आणि त्याच्या पुढच्याच वर्षी देता येते.

देवळालीची
इंजिनिअरिंग करणारच नाही असे पहिल्या ओळीत लिहिले आहे. पण गॅपचा मुद्दा बरोबर. कॉलेजे नंतर गॅपचे प्रतिज्ञापत्र मागतात, त्यासाठी करार, व्हिसा आणि भाषावर्गाची प्रमाणपत्रे जपून ठेवायला सांगा.

सिडकोचा_पक्या
सामानात दोन किलो साजूक तूप, पेढे आणि चिवडा द्या. परक्या देशात तूप जीव वाचवतं.

राईनकाठ
तूप, पेढे, खवा काही देऊ नका. युरोपियन युनियनमध्ये दुधाचे आणि मांसाचे पदार्थ बाहेरून नेता येत नाहीत, विमानतळावर काढून घेतात. कोंडाजीचा चिवडा न्या, त्या घरातली मुले तुमच्या मुलीच्या मागे लागतील.

सिडकोचा_पक्या
माझ्या मेहुण्याने नेलं होतं तूप, काही झालं नाही.

अंबडवाला
मेहुण्याचं नशीब. नियम तो नियम.

नाशिककरीण
सगळ्यांचे मनापासून आभार. ठरले आहे, आणि बहुतेकांच्या सल्ल्याविरुद्ध ठरले आहे. लाइपझिगजवळचे खेडे, तीन मुले, घरात याआधी कधी ओ-पेअर नव्हती, एजन्सी नाही. कुटुंब मुलीने स्वतःच शोधले. आम्ही तीनदा बोललो. आईने स्वतःहून वेळापत्रक पाठवले, त्यात मुलीच्या वर्गाचे दिवस आधी भरले होते आणि कामाचे तास नंतर. मोठ्या मुलाने तिला आपली गाढवे दाखवली. रविवारी बस नाही, हे त्यांनीच पहिल्या बोलण्यात सांगितले, सायकल देतो म्हणाले. शहरातल्या दोन घरांनी हा प्रश्न टाळला होता. मुलगी म्हणते, जिथे इंग्रजी बोलायला माणूसच नाही तिथेच मला जायचे आहे. तिच्या बाबांना अजून पटलेले नाही. मला पटले आहे. खर्चही बजेटमध्ये बसतो. आता व्हिसाची अपॉइंटमेंट मुंबईला घ्यायची आहे, आदल्या रात्री जाऊन राहावे लागेल का?

राईनकाठ
राहू नका. पंचवटीने दादरला उतरा आणि अपॉइंटमेंट दुपारची घ्या, गाडी उशिरा आली तरी वेळ हाताशी राहतो. फी ७५ युरो आहे, ती रुपयांत भरतात. कराराच्या आणि ए१ प्रमाणपत्राच्या दोन-दोन प्रती ठेवा. तिथे पोहोचल्यावर गावच्या कचेरीत पत्ता नोंदवायचा, ते पहिल्याच आठवड्यात उरकून घ्यायला सांगा. आणि थंडीचे जॅकेट इथून घेऊ नका, तिकडे जुन्या कपड्यांच्या दुकानात चांगले आणि स्वस्त मिळते.