मदत हवी आहे: रील हजारो बघतात, ऑर्डर मात्र सात

नमस्कार मंडळी,

मी आणि सासूबाई घरी गोडा मसाला नि मेतकूट करून विकतो. इन्स्टाग्रामवर पेज आहे. गेल्या महिन्यात सासूबाई लोखंडी कढईत दगडफूल परततानाची रील टाकली. गाणं लावलं नव्हतं, फक्त उलथन्याचा आवाज. ४१ हजार लोकांनी पाहिली. कमेंटमध्ये ‘आजीची आठवण आली’ आणि ‘प्राइस?’ यांचा पाऊस. विचारणाऱ्या प्रत्येकाला मी रात्री जागून मेसेज केला. ऑर्डर आल्या ७.

इन्स्टाग्रामचे प्रमुख अ‍ॅडम मोसेरी यांनी जानेवारी २०२५ मध्ये सांगितलं होतं की, अनोळखी लोकांपर्यंत पोचायला लाइकपेक्षा रील एकमेकांना पाठवली जाणं जास्त मोलाचं. आमची रील खूप जणांनी पाठवली, म्हणजे पोचली. पुढे गाडी कुठे अडते?

एका ताईंनी किंमत कळल्यावर विचारलं, “तुमच्याकडून आमच्या ओळखीचं कुणी घेतलंय का?” तेव्हापासून मला वाटतंय, प्रश्न पैशांचा कमी आणि भरवशाचा जास्त आहे. एफएसएसएआय या सरकारी अन्नसुरक्षा संस्थेचा १४ अंकी क्रमांक पाकिटावर आहे, पण रीलमध्ये कधी दाखवला नाही.

घरगुती व्यवसाय करणाऱ्यांनी कृपया सांगा: किंमत कॅप्शनमध्येच लिहिल्याने फरक पडला का? व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसचा कॅटलॉग लोक खरंच उघडतात का? आणि जुन्या ग्राहकांकडून अभिप्राय कसा मागता? मला फार संकोच वाटतो.

तुम्ही स्वतः अशा पेजवरून पहिल्यांदा काही मागवलं असेल, तर कशामुळे मागवलं, तेही लिहा. दिवाळीच्या आत हे सुधारायचंय.