मदत हवी आहे: कोजागिरीच्या रात्री बेलापूर ते अलिबाग सायकलने, १४ जण

नमस्कार मंडळी,

यंदा कोजागिरीला गच्चीवर न बसता रात्रभर सायकल चालवून अलिबाग गाठायचं, असं आमच्या नेरूळच्या ग्रुपने ठरवलंय. सगळ्यांत मोठे काका ६३ वर्षांचे, सगळ्यांत धाकटी १७ वर्षांची. चौघांनी आजवर पाम बीच रोडच्या पलीकडे सायकल नेलेली नाही, म्हणून आधी विचारून घेतेय.

रात्री ९ ला बेलापूरहून निघून पनवेल, पळस्पे, पेण, वडखळ, पोयनाड, अलिबाग. साधारण ८० किमी. कर्नाळ्याचा चढ आणि शेवटची कार्लेखिंड सोडली तर रस्ता सपाट. पेणला माझी मावशी राहते; साडेबाराच्या सुमारास, चंद्र माथ्यावर असताना, तिच्या अंगणात मसाला दूध. पुढे खारेपाट, म्हणजे खाडीलगतचा खाऱ्या जमिनीचा पट्टा लागतो. पिकत आलेला भात, खाडीचे बांध आणि लांबलांब विखुरलेले गावांचे दिवे. हा पट्टा चांदण्यात सगळ्यांनी बघावा, ही माझी फार दिवसांची इच्छा. काकांचं आजोळ त्याच भागातलं. शेतकऱ्यांचा १९३३ ते १९३९ चा संप जिथे झाला त्या चरी गावात त्यांना थोडं थांबायचंय, तर वाट वाकडी करूच.

पोचायची वेळ तिथीवरून काढलीय. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीची अंदाजे वेळ मिळते. पौर्णिमेच्या १५ ची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे भरती रात्री सव्वाअकराच्या आसपास आणि ओहोटी पहाटे साडेपाचच्या सुमारास. उजाडताना अलिबागच्या समुद्रातल्या कुलाबा किल्ल्यापर्यंत चालत जाता येईल.

आता काळजीचं. दोन वर्षांपूर्वी आम्ही सहा जण याच रस्त्याने गेलो होतो. वडखळच्या अलीकडे माझं मागचं चाक बसलं. ट्यूब बदलली, दहा मिनिटांत पुन्हा हवा गेली. ट्रेलरचे टायर फुटतात ना, त्यातली केसाएवढी तार माझ्या टायरला आतून रुतून बसली होती. बोटाने चाचपडले तर बोट कापलं. शेवटी ओढणीचं टोक आतून फिरवलं, ते जिथे अडकलं तिथे तार सापडली. यात पाऊण तास गेला. पुढच्या चौघांना पत्ताच नाही, त्यांचे फोन बॅगेत. आम्ही दोघी अंधारात, हातभर अंतरावरून ट्रक जाताहेत. हे या १४ जणांपैकी कुणाच्याही वाट्याला येऊ नये.

म्हणून पहिला प्रश्न: एवढ्या लोकांना रात्री एकत्र कसं ठेवता? मला वाटतं सगळ्यांत हळू चालवणाऱ्याला दुसऱ्या नंबरवर घ्यावं, म्हणजे वेग त्याच्यावर ठरेल आणि मागे पडल्याचं ओझं त्याच्या मनावर राहणार नाही. शेवटच्या माणसाकडे पंप आणि दोन जादा ट्यूब. मागचा लाल दिवा फक्त त्याचाच लुकलुकता, बाकीच्यांचे स्थिर, नाहीतर मागच्याच्या डोळ्यांना त्रास होतो. की सात-सातच्या दोन तुकड्याच बऱ्या? ज्यांनी दहापेक्षा जास्त जणांना रात्री नेलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

दुसरं, निम्मे जण म्हणतात पेणपर्यंत टेम्पोने जाऊ. मग जेमतेम ३० किमी उरतात, माझं मन घेत नाही. पण पळस्पे ते पेण कुणी अलीकडे रात्री सायकलने गेलं असेल आणि नको म्हणत असेल तर मी ऐकेन.

तिसरं परतीचं. रेवसहून लाँचने करंजा, मग उरणवरून घरी; की मांडव्याहून रो-रो बोटीने भाऊचा धक्का आणि डॉकयार्ड रोडहून हार्बर लोकल? अटल सेतूवर सायकलला परवानगी नाही. रात्रभराच्या जागरणानंतर उरणच्या कंटेनरांमधून नवख्यांना न्यायची माझी तयारी नाही, पण लगेजच्या डब्यात १४ सायकली चढवू देतील का? आणि लाँचवर एका फेरीत किती मावतात?

दूध किती जणांचं आटवायचं ते मावशीला दसऱ्यापर्यंत कळवायचंय, त्याआधी उत्तरं मिळाली तर फार बरं होईल.