अलास्का क्रूझवर आईबाबांसाठी शांत जागा आणि शांत करमणूक: सल्ला हवा आहे

आंबोलीघाट:

नमस्कार मंडळी. आईबाबा मे महिन्यात वेंगुर्ल्याहून आमच्याकडे सिअ‍ॅटलला येताहेत. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात आम्ही पाच जण (आम्ही दोघं, नऊ वर्षांची लेक आणि ते दोघं) सात रात्रींची अलास्का क्रूझ करायचं म्हणतोय. जुनो, स्कॅगवे, ग्लेशियर बे, केचिकान आणि येताना व्हिक्टोरिया. बुकिंग अजून व्हायचंय.

अडचण अशी की ज्याला विचारावं तो कॅसिनो, पूलवरचं संगीत आणि रात्रीचे शो यांचंच कौतुक सांगतो. आईच्या दोन्ही कानांत यंत्रं आहेत. गोंगाटात तिला सगळे आवाज एकदम अंगावर येतात आणि डोकं धरतं. मागच्या डिसेंबरात भाच्याच्या लग्नात बँड सुरू झाला, तेव्हा तिने यंत्रं काढून रुमालात गुंडाळली, पर्समध्ये ठेवली आणि पुढचे दोन तास प्रत्येकाकडे बघून नुसती हसत बसली. इतक्या लांब येऊन पुन्हा तसं व्हायला नकोय.

बाबांचं मागणं साधं. ते लहानपणी आजोबांबरोबर वेंगुर्ल्याहून मुंबईला बोटीने जायचे. पडावातून बोटीपर्यंत जाणं, रात्री डेकवर चादर अंथरून झोपणं, मग भाऊचा धक्का, हे आम्ही शंभरदा ऐकलंय. त्यांना डेकवर बसून पाणी बघायचंय, बस.

जहाज, केबिन, जेवण, दिवसभराचा वेळ, कशाबद्दलही सांगा. आईला बोट लागेल याचीही धास्ती आहे.

मांडवाजेट्टी:

सगळ्यात आधी व्हिसा. आईबाबांचा पासपोर्ट भारतीय असेल तर व्हिक्टोरियासाठी कॅनडाचा व्हिसा लागेल, त्याचा अर्ज आत्ताच करा. अमेरिकेचा व्हिसाही एकापेक्षा जास्त वेळा प्रवेश देणारा आहे ना, ते पासपोर्ट उघडून बघा. व्हिक्टोरिया टाळता येत नाही. परदेशी नोंदणीच्या जहाजांना परदेशी बंदर न घेता अमेरिकेतल्या अमेरिकेत असे प्रवासी फिरवता येत नाहीत, १८८६ चा कायदा आहे. म्हणून सिअ‍ॅटलहून निघणारी ही जहाजं तिथे थांबतात.

सायलीचा_मांडव:

आम्ही सासूसासऱ्यांना घेऊन हीच क्रूझ केली. सासऱ्यांना ऐकू कमी येतं, म्हणून तुमचा धागा वाचल्यावर लगेच लिहायला बसले. जरा लांबेल.

जहाज निवडताना डेकचा नकाशा उघडा आणि एकच गोष्ट शोधा: जहाजाला चारही बाजूंनी फिरता येईल असा खालचा, छप्पर असलेला डेक. त्याला प्रोमनेड म्हणतात. हॉलंड अमेरिकाच्या बऱ्याच जहाजांवर तो आहे, वर आरामखुर्च्या मांडलेल्या असतात. पूल सगळ्यात वरच्या डेकवर, गाणी तिकडेच. खाली फक्त पाण्याचा आवाज आणि फेऱ्या मारणारी चार माणसं. तुमच्या बाबांची जागा ती. सासरे दोन ब्लँकेटं, कानटोपी आणि दुर्बीण घेऊन रोज तिथे तीन-तीन तास बसायचे. दुर्बीण घरूनच न्या, आणि प्रत्येकाला वेगळी न्या. देवमासा दिसतो तेव्हा दुसऱ्याच्या हातातून दुर्बीण येईपर्यंत तो बुडालेला असतो. आधी क्षितिजाजवळ वाफेचा पांढरा फुगा दिसतो, तिथे नजर ठेवायची. हंपबॅक देवमासे उन्हाळ्यात खाण्यासाठी या पाण्यात येतात, जूनमध्ये दिसण्याची शक्यता चांगली.

आता सगळ्यात उपयोगाचं सांगते. बंदराच्या दिवशी सकाळी नऊ-दहाला जहाज रिकामं होतं. सगळे खाली उतरतात आणि दुपारपर्यंत गरम पाण्याचं कुंड, वाचायची खोली, खिडकीजवळचे सोफे, सगळं आपलं. सासूबाई जुनोला उतरल्याच नाहीत. आम्ही मेंडेनहॉल हिमनदी बघून आलो तेव्हा त्या पुढच्या काचेच्या लाउंजमध्ये विणकाम करत बसल्या होत्या, शेजारी एक कॅनेडियन आजी होत्या. दोघींना एकमेकींची भाषा जेमतेम कळत होती, पण टाके मोजून झाले होते आणि नमुन्याची अदलाबदलही झाली होती. पैसे भरलेत म्हणून प्रत्येक बंदरात म्हाताऱ्या माणसांना उतरवायचं, हे मला आता अजिबात पटत नाही.

समुद्रातल्या दिवशी उलटं. सकाळी दहा ते दुपारी दोन बफेच्या वाटेलाही जाऊ नका. नाश्ता केबिनमध्ये मागवा, आदल्या रात्री दाराला कार्ड लावायचं. पत्त्यांच्या खोलीत बहुतेक जहाजांवर जिगसॉ कोडं अर्धवट मांडलेलं असतं, येणारा-जाणारा दोन तुकडे लावून जातो. तुमची लेक आणि आजी यांना ते फार आवडेल.

रात्रीच्या जेवणाला ठरलेल्या वेळेतली लवकरची पंगत घ्या आणि पहिल्याच दिवशी मुख्य वाढप्याला सांगा, की आईंना ऐकायला त्रास होतो, कोपऱ्यातलं किंवा भिंतीकडचं टेबल हवं. आम्हाला लगेच बदलून दिलं. शाकाहाराचं बुकिंग करतानाच लिहून द्या. उद्याचा मेन्यू आदल्या रात्री दाखवा असंही सांगा, म्हणजे डाळभात किंवा भाजी वेगळी करून देतात.

आणि ग्लेशियर बे. बुकिंगच्या आधी तुमच्या तारखेला ते खरंच आहे का बघा, कारण तिथे दिवसाला दोनच मोठ्या क्रूझ जहाजांना प्रवेश असतो. त्या दिवशी कुठे उतरायचंच नसतं. सकाळी नॅशनल पार्कचे रेंजर छोट्या बोटीने येऊन जहाजावर चढतात आणि दिवसभर माहिती सांगतात. १७९४ मध्ये व्हँकुव्हरच्या मोहिमेतले लोक आले, तेव्हा ही खाडी जवळजवळ पूर्ण बर्फाने भरलेली होती. आज बर्फाची भिंत गाठायला शंभरेक किलोमीटर आत जावं लागतं. मार्जरी हिमनदीपुढे जहाज बराच वेळ थांबतं आणि सावकाश गोल फिरतं, त्यामुळे केबिन डावीकडे की उजवीकडे याची काळजी नको. त्या वेळी अख्खं जहाज पुढच्या टोकाला लोटतं. आम्ही मागच्या बाजूला, खालच्या डेकवर उभे होतो, तिथे दहा माणसंही नव्हती. बर्फाचा कडा सुटताना आधी दिसतो, पाण्यात पडतो, आणि दोन-तीन सेकंदांनी आवाज येतो. ढगांच्या गडगडाटासारखा, छातीत जाणवणारा. तिथले मूळचे ट्लिंगिट लोक त्याला पांढरी मेघगर्जना म्हणतात. सासऱ्यांनी वाऱ्यामुळे यंत्रं काढून ठेवली होती. त्यांनी वळून विचारलं, "आत्ता गडगडलं का?" वयाने कान जातात ते आधी बारीक आवाजांचे, असा खर्जातला आवाज पोचतो. मी हो म्हटलं, तर ते परत तिकडे वळले आणि पुढचा पाऊण तास जागचे हलले नाहीत.

निळा_पाट:

केबिनबद्दल माझा कटू अनुभव सांगतो. जहाजाचं नाव लिहीत नाही, पण चूक तुमच्याकडून होऊ नये. स्वस्त मिळाली म्हणून आम्ही नाट्यगृहाच्या डोक्यावरची केबिन घेतली. रात्री साडेअकरापर्यंत खालून ढोल. आई उशीने कान दाबून झोपायची. तक्रार केली तर जहाज भरलेलं आहे, एवढंच उत्तर मिळालं. नकाशात आपल्या केबिनच्या वर आणि खाली दोन्हीकडे केबिनच आहेत ना बघा. पूल, बफे, नाट्यगृह, नाचघर काही नको. लिफ्टच्या दारापासूनही चार खोल्या सोडून.

बोट लागत असेल तर मधल्या भागातली, खालच्या मजल्यावरची केबिन सगळ्यात कमी हलते. सिअ‍ॅटलहून निघालेलं जहाज बहुधा व्हँकुव्हर बेटाच्या बाहेरून, उघड्या समुद्रातून जातं, तेव्हा पहिला दिवस जड जाऊ शकतो. पुढे बेटांच्या आडोशाने पाणी तळ्यासारखं. आलेपाक जवळ ठेवा, पोट रिकामं ठेवू नका, आणि गोळी कुठली ते इथल्या डॉक्टरांना विचारून न्या. आईंची आणखी औषधं चालू असतील.

मांडवाजेट्टी:

यात भर: धोका फारच वाटत असेल तर व्हँकुव्हरहून निघणारी क्रूझ बघा. ती आतल्या आडोशाच्या मार्गाने जाते. कॅनडाचा व्हिसा तर काढायचाच आहे, आणि गाडीने तुम्हाला तीनेक तास, सीमेवरची रांग वेगळी.

आंबोलीघाट:

किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी. आईला फोनवर वाचून दाखवलं. तिने विणकामाचा भाग दोनदा वाचायला लावला. अजून दोन शंका. एक, बाबांना सकाळी पाचला आल्याचा चहा लागतो, केबिनमध्ये केटल नेता येते का? दोन, स्कॅगवेच्या रेल्वेला नेऊ का, की तीही गर्दीच?

सायलीचा_मांडव:

केटल नेऊ नका, तापणारी उपकरणं काढून घेतात आणि शेवटच्या दिवशी परत देतात. बफेच्या बाजूला गरम पाणी पहाटेही मिळतं. चहा मसाला आणि सुंठपूड डबीत न्या, थर्मास न्या, गरम दूध मागितलं तर देतात. आणि जूनमध्ये पहाटे चारलाच उजाडतं, रात्री दहाला मावळतं. बाबा पाचला डेकवर गेले तर स्वच्छ उजेड असेल आणि डेक धुणाऱ्या खलाशांशिवाय कोणी नसेल. आईंना झोपेसाठी डोळ्यांवरची पट्टी मात्र न्या.

रेल्वे जरूर करा. १८९८ ते १९०० मध्ये सोन्याच्या शोधात निघालेल्यांसाठी बांधलेली लाइन आहे, रूळ तीन फुटी. आपल्या माथेरानची दोन फुटी, तिच्याहून जरा रुंद. गाडी धक्क्याजवळूनच सुटते, चालावं लागत नाही. जाऊन-येऊन तीनेक तास नुसतं खिडकीत बसायचं. चढताना डावीकडची बाकं धरा, दरी तिकडे आहे.

निळा_पाट:

एक राहिलं. जहाज सुटल्यावर सगळ्यांचे फोन एअरप्लेन मोडवर टाका, नाहीतर जहाजावरच्या नेटवर्कचं बिल भलतंच येतं. आईंच्या यंत्रांच्या बॅटऱ्या किंवा चार्जर हातातल्या पिशवीत ठेवा. मोठ्या बॅगा केबिनमध्ये पोचायला संध्याकाळ होते.

आंबोलीघाट:

बुकिंग झालं. मधल्या भागातली केबिन, वर-खाली केबिनच, खाली चहूबाजूंनी फिरता येणारा डेक, एक पूर्ण दिवस ग्लेशियर बे. कॅनडाच्या व्हिसाचे फॉर्म काल रात्री भरले. बाबांनी वेंगुर्ल्याहून एकच विचारलंय, की डेकवर चादर अंथरू देतील का. मी सांगितलं, खुर्ची आहे, ब्लँकेटं दोन आहेत, चादर मांडीवर घ्या.